एका ओळखीच्यांनी

लेकीने आयटीतल्या पहिल्या पगारातून घेतलेल्या गिटारची भोकाशेजारची काळी पट्टी सुटली. शनिवारी कंपनीच्या मेळाव्यात ती पहिल्यांदाच वाजवणार होती. मी तिच्या नकळत डिंक लावून वर वरवंटा ठेवला. पट्टी तिरकी बसली आणि तार छेडली की थरथरू लागली.

स्वारगेटजवळच्या दुरुस्तीवाल्याने चष्मा कपाळावर चढवला. "कुणी चिकटवलंय?"

"एका ओळखीच्यांनी."

त्याने पट्टी हुंगली. "लसणाची चटणी आवडते वाटतं त्यांना."

मग भोकातून बोटं घालून त्याने गिटारचं पोट चाचपलं आणि लाकडाचे दोन ठोकळे तासले, एक आतून टेकवायला, एक वरून. पट्टी नीट लावून दोन्हींमध्ये गिटार क्लॅम्पने हलकेच आवळली. "दाब सगळीकडे सारखा हवा. हे ठोकळे फक्त हिच्याच मापाचे."

शुक्रवारी गिटार खणखणीत वाजली. त्याने ठोकळेही कागदात बांधून दिले. "ओळखीच्यांना द्या. वरवंटा चटणीलाच राहू दे म्हणावं."

शनिवारी टाळ्या घेऊन लेक धावत आली. "बाबा, काय मस्त चिकटवलीस रे पट्टी!"

मान डोलवायचा मोह झाला. पण लसणाचा वास आठवला.

"मी नाही गं," मी म्हणालो, "एका ओळखीच्यांनी."

दुरुस्तीवाल्याचं नाव विचारायचं मात्र राहूनच गेलं होतं.