कानडे मॅडम नावं परत मागतात

वसतिगृहातल्या मुलींची दुपारची जेवणं उरकली, भांडी घासून झाली, आणि मी स्वयंपाकघरातल्या तांदळाच्या पोत्यांना टेकून पाय लांब करते. पाच वाजता कॉलेजच्या सभागृहात कानडे मॅडमची शोकसभा आहे. मलाही दोन शब्द बोलायला सांगितलंय. काय बोलायचं ते मनात जुळवत असते आणि डोळे जड होतात. बाहेर कुणीतरी नळ सोडलाय. त्याचा आवाज लांब जातो, आणखी लांब.

‘पंचफुलाबाई, झोपलात?’

मॅडम समोर फरशीवर बसल्यात. तुरुंगात बसायच्या तशाच, मांडी घालून, वही गुडघ्यावर. दोन महिन्यांपूर्वी मी माझ्या हातानं त्यांच्या तोंडात शेवटचं पाणी घातलंय. त्या गेल्यात हे मला माहीत आहे, आणि तरी मी पदर सावरून नीट बसते.

‘मॅडम, तुम्ही? या वेळी?’

‘मला आत सोडायचे ते दुपारीच ना. दोन ते चार.’

खरं आहे. नवऱ्याच्या भावकीतल्या मारामारीत माझंही नाव घातलं होतं, म्हणून तीन वर्षं मी कच्ची कैदी होते. मॅडम या कॉलेजात शिकवायच्या आणि कैदी आजारी पडले की त्यांचं काय होतं, यावर संशोधन करायच्या. सुटल्यावर मला घरच्यांनी उंबऱ्यात घेतलं नाही. इथलं काम मॅडमनीच लावून दिलं.

‘लाडीचं सांगा,’ त्या म्हणतात.

‘कितींदा सांगू? तुमच्या पुस्तकात आलंय की सगळं.’

‘पुस्तकात लाडी नाही. पुस्तकात कैदी क्रमांक सतरा आहे. सांगा.’

मी पाठ टेकते तर मागे पोती नाहीत. बराकीची ओलसर भिंत आहे, आणि लाडी चव्हाणचं डोकं माझ्या मांडीवर आहे. बावीस वर्षांची पारध्याची पोर. चोरीच्या संशयावरून धरून आणलेली. तिला लहानपणापासून साखरेचा आजार, रोज सुई लागायची. सुया पिशवीत होत्या आणि पिशवी फाटकावर जमा करून घेतली होती.

‘बाई, पाणी,’ लाडी म्हणते. मी पाजते. ती ओकते. परत म्हणते, ‘पाणी.’ तिचा श्वास धावत आल्यासारखा चाललाय.

‘श्वासाला वास कसला येतोय?’ मॅडम विचारतात. त्या गजांपलीकडे उभ्या आहेत.

‘जास्त पिकलेल्या केळ्यांचा.’

‘हा वास डॉक्टरला ओळखता येतो, पंचफुलाबाई. पहिल्या दिवशीच ओळखता येतो.’

तुरुंगाचे खापरे डॉक्टर दारातूनच बघतात. आत पाऊलसुद्धा टाकत नाहीत. ‘नाटक आहे,’ ते पहाऱ्यावरच्या मेट्रनला म्हणतात, ‘जामिनासाठी चाललंय.’ आणि उभ्या उभ्या कागदावर तेच लिहितात. मी त्यांच्या पायांकडे हात जोडते. बूट वळतात आणि जातात.

‘मेली कधी?’

‘चौदा मार्च. पहाटे सव्वाचार.’

‘विसरला नाहीत.’

‘विसरू कशी? माझ्या मांडीवर गार झाली ती.’

भिंतीला खुर्च्या लागलेल्या आहेत. सभागृह आहे हे. मॅडमच्या फोटोला हार, आणि त्या स्वतः माझ्या शेजारच्या खुर्चीत. मंचावर खापरे डॉक्टर बसलेत, अंगात गडद निळा कोट. आता ते निवृत्त आहेत, पेपरात आरोग्यावर लिहितात. माईकवरून कुणीतरी म्हणतंय, मॅडमच्या संशोधनाला ज्यांचं मोलाचं सहकार्य लाभलं ते डॉक्टर. लोक टाळ्या वाजवतात. सगळीकडे पिकल्या केळ्यांचा वास कोंदलाय आणि नाकाला रुमाल कुणीच लावत नाही.

‘त्याला पुस्तकात मी “डॉक्टर क” केलं,’ मॅडम म्हणतात. त्यांचा असा आवाज मी कधी ऐकलेला नाही. जिवंतपणी त्या शिपायालाही ‘अहो’ म्हणायच्या. ‘संशोधनाचा नियम. नावं झाकायची. तुम्हा बायकांना जपायला ती चादर होती, आणि तिच्याखाली मी त्यालाही निवांत झोपवलं. आज तो माझ्याच फोटोला हार घालणार. मला नावं परत हवीत, पंचफुलाबाई. तिचं आणि त्याचं. दोन्ही.’

मी उठलेली असते. कधी मंचावर पोचले ते कळत नाही. माझ्या मुठीत त्यांच्या कोटाची गळपट्टी आहे, वरच्या बटणासकट, आणि मी पिळतेय. त्यांचे ओठ कोरडे पडलेत. ‘पाणी,’ ते म्हणतात.

‘नाटक आहे!’ मी ओरडते. माझ्या अंगात इतकं बळ कुठून आलं? मला थांबायचं नाही. खरं सांगते, मला फार बरं वाटतंय.

मॅडमचा हात माझ्या मनगटावर येतो. गार हात.

‘मारू नका. त्याला मारलंत तर लोक धावत येऊन त्याला पाणी पाजतील. आपल्या लाडीला कुणी विचारणार नाही. बोला. तारखेसकट, वेळेसकट, चारशे माणसांत, त्याच्या तोंडावर.’

‘आणि मला परत आत घातलं तर?’

‘त्रास देतील,’ त्या म्हणतात. ‘तुम्हाला खोटा धीर द्यायला मी आले नाही.’

‘मग मीच का?’

‘मी मेलेय म्हणून. आणि तुम्ही तिथं होतात म्हणून.’

त्या माझी बोटं गळपट्टीवरून एकेक करून सोडवायला लागतात. काहीतरी तटकन तुटतं.

फोन वाजतोय. पाठीला तांदळाची पोती टोचतायत, नळ अजून वाहतोय. उजवी मूठ घट्ट मिटलेली आहे, उघडवत नाही, म्हणून मी डाव्या हातानं फोन घेते. सभेचं सगळं बघणारे मुळावकर सर.

‘पंचफुलाबाई, तुमचं नाव शेवटी ठेवलंय. खापरे डॉक्टरांचं भाषण झालं की तुम्ही.’

‘नाही सर. मला त्यांच्या आधी बोलू द्या.’

‘का हो? कुठं जायचंय का?’

‘कुठं नाही. माझं झालं की मग त्यांना उठून बोलू दे. काय बोलतात ते मला ऐकायचंय.’

सर बरं म्हणतात. मी फोन ठेवते आणि आखडलेली बोटं दुसऱ्या हातानं सरळ करते. तळव्यात गडद निळं बटण आहे. त्याच्या भोकांत तुटलेला दोरा आहे, आणि दोऱ्याला कोटाच्या कापडाचा चिमूटभर तुकडा.