रेल्वेच्या अंगणातलं भांगेचं झाड

सॅम, अनिता, मागच्या महिन्यात तुमची रूथआजी गेल्याचं मी फोनवर सांगितलं, तेव्हा बोलता बोलता तुम्ही म्हणालात की तिकडे अमेरिकेत तुमच्या राज्यात गांजा दुकानात मिळतो, पण वॉशिंग्टनच्या कायद्यानं तो अजून गुन्हाच आहे. असं कसं असू शकतं? असू शकतं, मुलांनो. असलं भांडण मी दौंडच्या एका अंगणात उभं राहून पाहिलंय. म्हणून आत्ताच लिहिते… ते पाहिलेलं आता माझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही.

रूथआजी म्हणजे तुमच्या आजोबांची थोरली बहीण, माझ्या वन्सं. त्यांचे यजमान गार्ड होते, त्यामुळे दौंडला रेल्वेची क्वार्टर. वन्संचे वडील, म्हणजे माझे सासरे आबा, यांनी शिरूरच्या चर्चमध्ये जन्मभर नशेविरुद्ध उपदेश केलेला. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस आबांना जबड्याचा कॅन्सर झाला. डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा वन्संनी त्यांना दौंडला आणलं आणि मीही सोबतीला गेले. यवतच्या एका वैद्यानं दुधात उकळून द्यायला भांगेचा पाला दिला, वर बीही दिलं. मुंबई राज्यात तेव्हा भांगेला बंदी. वन्संनी बी न्हाणीच्या सांडपाण्यावर लावलं, अगदी फाटकातून दिसेल असं. आबांचं नाव घातलेलं फुलपात्र पहिल्यांदा तोंडाशी नेलं, तेव्हा त्यांनी विचारलं, "रूथ, हे पाप न्हाई ना?"

"असलं तर माझं, आबा. तुम्ही प्या."

त्या दुपारी ते झोपले… कित्येक आठवड्यांनी.

झाड कमरेएवढं झालं आणि दारूबंदीचे फौजदार आले. माणूस वाईट नव्हता. बाई, नवऱ्याची नोकरी जाईल, झाड आपोआप उगवलं म्हणा, आम्ही उपटून नेतो, असं समजावत होते. वन्संचे यजमान मागे उभे राहून मान डोलवत होते. वन्संनी फाटकाला आतून कडी घातली.

"आपोआप कसं उगवंल? मी लावलंय. आन् ही जमीन रेल्वेची हाय, रेल्वे दिल्लीची. तुम्ही मुंबईचे. आधी दिल्लीला विचारून या."

मी इंग्रजी शिकलेली नवी सून. वकिलांकडून दारूबंदीचा आणि रेल्वेचा असे दोन्ही कायदे आणून वाचले, तर रेल्वेच्या जमिनीवरही मुंबईचीच बंदी लागू होती. तसं सांगितलं. वन्सं भाकरी थापता थापता म्हणाल्या, "वाचलंस ना? मग आता फौजदाराला नको सांगूस."

लपवायची गरजच पडली नाही. फौजदार रेल्वेच्या साहेबांकडे गेले. साहेबांना भांगेशी काही देणंघेणं नव्हतं, पण राज्याचा पोलीस आपल्याला न विचारता रेल्वेच्या हद्दीत आलाच कसा, यावरून ते भडकले. मग इकडून पत्र, तिकडून उत्तर. दोन सरकारं एकमेकांना हद्द दाखवत बसली, आणि आबा दूध पिऊन झोपत राहिले.

शेवटी ते झोपेतच गेले. दफन झाल्यावर वन्संनी झाड मुळासकट उपटलं, भर बाजारातून हातात धरून नेलं आणि फौजदारांच्या टेबलावर ठेवलं. खटला घालायचा तर माझ्या नावानं घाला, गार्डसाहेबांच्या न्हाई, असं बजावून आल्या.

खटला झाला. पश्चात्ताप होतो का, असं मॅजिस्ट्रेटनी विचारलं.

"व्हय. आणखी आधी लावायला पायजे होतं."

दंड झाला, यजमानांची दूर बदली झाली. वन्संनी त्याबद्दल कधी हळहळ केली नाही, आणि चर्चमधली पुढची जागाही सोडली नाही.

ती क्वार्टर आता पाडली आहे. आबांचं नाव घातलेलं फुलपात्र माझ्याकडे आहे. ते रोज वापरात आहे.