पांढरी जीप आणि भारूड

धुळ्याच्या वाचनालयात परवा एक मुलगी फळ्यावर येत्या महिन्याचे कार्यक्रम लिहीत होती. ओल्या खडूचा वास आला आणि मी थेट ऐंशीच्या दशकातल्या सोनगीरला पोचलो.

गावच्या वाचनालयाचा मी नवा, हौशी ग्रंथपाल. फळ्यावर झोकात लिहिलं: 'शनिवारी संध्याकाळी भारूड. फक्त मोठ्यांसाठी. चहा फुकट. नावं आधी नोंदवा.' शेजारच्या नानांनी ते दोनदा वाचलं आणि चोराकडे पाहावं तसं माझ्याकडे पाहिलं.

"नाव कसाले लिखी लेस रे? फुकट चहा कोन पाजस? हाऊ नसबंदीना कॅम्प शे!"

"नाना, देवाशपथ, भारूड आहे!"

"मंग पोरेस्ले काबर बलावत नही?"

पोरं गोंगाट करतात, असं मी म्हटलं खरं, पण ते मलाच पटेना. नोंदवही कोरीच राहिली. शनिवारी पुरुष आले, पण फाटकाला चिकटून उभे राहिले. माझा पहिलाच कार्यक्रम. तेवढ्यात शिरपूरची भारूडवाली मंडळी आली, आणि आली ती नेमकी सरकारी दवाखान्याची असते तशा पांढऱ्या जीपमधून! नाना ओरडले, "पया रे!" क्षणात सगळे पुरुष शेजारच्या कपाशीत गडप झाले.

मी रडकुंडीला आलो. गल्लीतल्या सखूअक्का मात्र बायकांना घेऊन पुढे येऊन बसल्या. "पयू दे त्यास्ले. तू गानं चालू कर."

भारूड रंगलं, तशी कपाशीतून एकेक टोपी वर येऊ लागली. तो प्रसंग सांगून मी कित्येक वर्षं लोकांना हसवलं. नानांच्या धाकट्या भावाला आणीबाणीत तशाच जीपमधून, चहा पाजून नसबंदीला नेलं होतं, हे मला नानांच्या तेराव्याला कळलं.