बत्ताशाच्या दूर्वा

सशासाठी देवाकडे काही मागावं का, हा प्रश्न मला त्या सकाळपर्यंत कधी पडला नव्हता. माणसांसाठी मागताना मी कधी मागेपुढे पाहिलं नाही. मुलाच्या परीक्षेसाठी मागितलं, यजमानांच्या बदलीसाठी मागितलं, एकदा तर पाहुणे यायच्या आत गॅसचा सिलिंडर यावा म्हणूनही गणपतीला साकडं घातलं होतं. पण त्या दिवशी हात जोडले आणि जीभ अडली. शेजारच्या घरातला माणूस डायलिसिसला जातो, आणि आपण ओंजळभर जनावरासाठी देवाला वेठीस धरायचं, याची लाज वाटली. लाजेखाली शंकाही होती. देवाच्या हिशेबात सशाच्या मागच्या दोन पायांना जागा असेल का, हे मला खरोखर माहीत नव्हतं.

ससा आमच्याकडे मुलाच्या हट्टापायी आला. पांढराशुभ्र, हलका, म्हणून नाव बत्तासा. पुढे मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला आणि ससा आमच्या गळ्यात पडला. यजमान मनमाडला रेल्वेत, सुट्टीपुरते घरी. त्यामुळे पंचवटीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये एरवी मी, सासूबाई आणि हा. मी शाळेत गणित शिकवते आणि घरातही माझा कारभार तासांच्या घंटेवर चालतो, असं सगळे म्हणतात. सासूबाई मूळच्या सटाण्याकडच्या. निम्मं आयुष्य नाशकात गेलं, तरी राग आला किंवा माया दाटून आली की त्यांच्या तोंडी अहिराणी येते. बत्तासा आला त्या दिवशी त्या कडाडल्या होत्या, "घरमा हाऊ उंदीर कसाले?" महिन्याभरात तोच उंदीर त्यांच्या पायाशी गॅलरीतल्या उन्हात लोळायला लागला. त्या मेथी निवडायच्या आणि देठं त्याला द्यायच्या. मी भाजी मागितली तर दोघंही माझ्याकडे सारख्याच नाराजीनं बघायचे.

त्या सकाळच्या दोन दिवस आधी, संध्याकाळी गल्लीतून वरात गेली होती. आमच्या खिडकीखाली फटाक्यांची लांबलचक माळ लागली आणि बत्तासा पिंजऱ्यात आपटत राहिला. सकाळी दार उघडलं तर तो नेहमीसारखा उडी मारून बाहेर आला नाही. पुढच्या दोन पायांवर अंग ओढत आला. मागचे दोन्ही पाय ओल्या फडक्यासारखे फरशीवरून घसटत होते. तो थांबला, मागे वळून स्वतःच्या पायांकडे बघितलं, पुन्हा ओढायला लागला. मी त्याच्याजवळ खाली बसले. सासूबाईंनी कपाळाला हात लावला.

जवळचे जनावरांचे डॉक्टर गाई-कुत्र्यांचे. त्यांनी एक इंजेक्शन दिलं आणि सरळ सांगितलं की सशांचा त्यांना फारसा अनुभव नाही, दुसरीकडे दाखवा. तो सुट्टीचा दिवस, दुसरीकडे सगळीकडे कुलूप. मग आम्ही दोघींनी आमच्या घरातलं औषध काढलं. आमच्याकडे कुणीही आजारी पडलं की पहिला उपाय लंघन. ताप असो, पोट असो, पाय मुरगळलेला असो, पोटाला आराम दिला की शरीर दुखण्याकडे बघतं, ही सासूबाईंची श्रद्धा, आणि इतक्या वर्षांत लंघनाचा गुण आल्यामुळे माझीही. "आज त्याले काहीच देऊ नको. लंघन करू दे, बरा व्हई," त्या म्हणाल्या. मी पिंजऱ्यातला चारा, पाला, सगळं काढून घेतलं. फक्त पाणी ठेवलं. आणि दुसऱ्या दिवशी संकष्टी होती, म्हणून मीही त्याच्यासाठी निर्जळी धरायची ठरवली. दोघं मिळून उपास करू, देव एकाचं तरी ऐकेल, असा माझा हिशेब.

दुसऱ्या दिवशी बत्तासा पिंजऱ्याबाहेर, खोलीच्या कोपऱ्यात गोळा होऊन बसला होता. डोळे अर्धे मिटलेले. पोट हाताला टणक लागत होतं. मला वाटलं, दुखणं अंगात मुरतंय. शाळेला सुट्टी टाकली, आंघोळ करून पूजेला बसले. एकवीस दूर्वांची जुडी मी आदल्या संध्याकाळीच निवडून ओल्या फडक्यात ठेवली होती. ती तबकात काढली, तबक पाटाशेजारी ठेवलं आणि डोळे मिटून अथर्वशीर्ष म्हणायला लागले. मागण्यापर्यंत आले आणि तिथेच ती जीभ अडली.

डोळे उघडले तेव्हा तबकाजवळ काहीतरी हलत होतं. कोपऱ्यातून देवघरापर्यंत सगळी खोली ओलांडून बत्तासा आला होता. पुढचे पाय टाकायचा, अंग ओढायचा, थांबून धापा टाकायचा. तबकाच्या काठावर त्यानं हनुवटी टेकवली आणि गणपतीच्या दूर्वा खायला सुरुवात केली.

मी दचकले. देवाला वाहायच्या आधी उष्टं झालं, आणि वर लंघनही मोडलं! त्याला उचलायला हात पुढे केला, तर मागून सासूबाईंनी माझा दंड धरला. लंघनाचा हुकूम त्यांचाच, पण आवाज अगदी वेगळा लागला होता. "खाऊ दे वं माय. त्याले देवनीच बलायेल शे." देवानंच त्याला बोलावलंय, हे म्हणताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी हात मागे घेतला. बत्ताशानं एकेक काडी ओढून सगळी जुडी संपवली आणि तिथेच, देवासमोर, मान टाकून पडला. तो दमलाय की गेलाय, हे कळायला मला त्याच्या छातीवर हात ठेवावा लागला. श्वास चालू होता.

देव बिनदूर्वांचा राहिला म्हणून मी गोदाकाठच्या गणपतीला निघाले. संकष्टीची गर्दी होती आणि बाहेरच्या टोपल्यांतल्या दूर्वा संपल्या होत्या. मी रिकाम्या हातानं रांगेत उभी राहिले. माझ्या पुढे साधारण माझ्याच वयाच्या एक बाई होत्या, हातात दूर्वांची चांगली जाडजूड जुडी. माझे हात रिकामे बघून त्यांनी विचारलं, "दूर्वा मिळाल्या नाहीत का ताई?"

मी परक्या माणसाशी घरातलं बोलत नाही. पण पोटात अन्न नव्हतं आणि मन भरून आलं होतं. म्हणाले, "होत्या. सशानं खाल्ल्या." आणि मग पाय, वरात, लंघन, सगळंच सांगून टाकलं.

लंघन म्हटल्याबरोबर त्या बाईंचा चेहरा बदलला. "अहो, तो कालपासून उपाशी आहे? ताई, सशाला उपास चालत नाही. त्याचं पोट सतत चालतं राहावं लागतं. थांबलं की ससा संपला. आमचा असाच गेला. सर्दी झाली होती नुसती. आम्हीही पोटाला आराम म्हणून काही दिलं नाही."

मी फोन काढून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी माझ्या फोनमध्ये गंगापूर रोडच्या एका डॉक्टरांचा नंबर घातला, सशांचं बघणारे. रांगेतून मला बाजूला काढलं आणि स्वतःच्या हातातली अख्खी जुडी माझ्या हातात कोंबली. मी म्हणाले, "अहो, देवाच्या आहेत." त्या म्हणाल्या, "त्याला मी आत जाऊन सांगते. तुम्ही आधी घरी जा, सशाला भरवा." आणि त्या रिकाम्या हातानं देवाकडे गेल्या. मी त्यांचं नावही विचारलं नाही. नाशकात ससा पाळणारी माणसं पुष्कळ असतील, संकष्टीला देवळात येणारीही पुष्कळ. पण त्या रांगेत माझ्यापुढे त्याच उभ्या होत्या, एवढंच मी सांगू शकते.

द्राक्षांच्या पेटीत टॉवेल अंथरून बत्ताशाला रिक्षातून नेलं. नवे डॉक्टर तरुण होते, बोलायला तुटक, हाताला फार हळुवार. त्यांनी पोट चाचपलं, एक्स-रे काढला. मणका मोडलेला नव्हता, दचकून लाथा झाडताना दुखावला असावा आणि आत सूज होती. मागच्या पायाचं बोट त्यांनी चिमट्यात धरलं, तेव्हा बत्ताशानं मान वळवली. "जाणीव आहे," ते म्हणाले, "म्हणून प्रयत्न करू. पण मावशी, आधी पोट. ते बंद पडायच्या बेतात होतं. सकाळी काही खाल्लं का यानं?"

मी सांगितलं, दूर्वा.

"मग दूर्वांनी वाचवला," ते म्हणाले आणि इंजेक्शन भरायला लागले. त्यांना त्यात विशेष काही वाटलं नाही. मी मात्र तिथल्या बाकावर बसून हमसून हमसून रडले.

मग सुरू झाली सेवा. सिरिंजनं भिजवलेला खुराक भरवायचा, कूस बदलायची, लघवी हलक्या हातानं दाबून काढायची, अंग पुसून कोरडं करायचं, दोन्ही पायांना वाकवून-सोडून व्यायाम द्यायचा. सासूबाईंनी आपली सगळ्यात मऊ सुती साडी टरकावून त्याला अंथरूण केलं. गवत, कोथिंबीर, मेथी आता देठांसकट त्याचीच. लंघनाचं नाव आमच्या घरात कुणी काढेना. मीही ते निर्जळीचं मागेच सोडून दिलं होतं, कारण ज्याची सेवा करायची त्याच्याआधी आपण आडवं होऊन चालत नाही.

पण स्वभावाला औषध नसतं. मी देवाशी मुदत ठरवली. पुढच्या संकष्टीपर्यंत तो चालला पाहिजे, मग मी अमुक करीन, तमुक करीन. रोज सकाळी पाय हलतो का बघायचे आणि रोज संध्याकाळी मनात त्याला नापास करायचे. संकष्टी आली आणि गेली. बत्तासा खात होता, डोळे टवटवीत झाले होते, पण पाय तसेच. डॉक्टरांनी पाय तपासले आणि सावकाश म्हणाले, "आणखी थोडे दिवस बघू. कुशीला जखमा व्हायला लागल्या, तर त्याला त्रासातून सोडवायचा विचार करावा लागेल." सोडवायचं म्हणजे काय, ते मला कळलं.

त्या दिवशी मी देवापुढे दिवा लावला नाही. सासूबाईंनी विचारलं तर फणकारले, की इतकं करूनही तो ऐकत नसेल तर कशाला लावायचा. त्या काही रागावल्या नाहीत. बत्ताशाची कूस बदलता बदलता म्हणाल्या, "देवले टाइमटेबल देस का वं तू? तो काय तुन्हा शाळामा शे?"

मला हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ रडूही. दिवा लावला. त्या दिवशी पहिल्यांदा मी काही ठरवलं नाही. म्हणाले, देवा, हा तुझा आहे. ठेवलास तर मी भरवीन, नेलास तर मी पोचवीन. चालला नाही तरी आयुष्यभर उचलीन. तारीख मागत नाही. बोलून झाल्यावर छातीवरचं ओझं कुणीतरी उतरवून घेतल्यासारखं वाटलं. त्यानंतर मी पायांकडे बघणं सोडलं आणि बत्ताशाकडे बघायला लागले.

कितीतरी दिवसांनी, मी सकाळी डबा भरत असताना गॅलरीतून सासूबाईंची आरोळी आली. मी हातातली पोळी टाकून धावले. मला वाटलं, संपलं. बत्तासा त्यांच्या साडीच्या अंथरुणावर बसला होता, म्हणजे खरोखर बसला होता, मागचे पाय पोटाखाली घेऊन. आमच्या डोळ्यांदेखत तो एका अंगाला झुकला, थरथरत मागचा उजवा पाय वर घेतला आणि कान खाजवला. एकदा नेम चुकला, दुसऱ्यांदा लागला. त्या दिवशी मी शाळेत उशिरा पोचले आणि वर्गात कारण खरं सांगितलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

मग उभा राहिला, पडला, पुन्हा उभा राहिला. झोकांड्या खात चालला. शेवटी सरळ उडी मारून सोफ्याखाली गेला आणि औषधाची वेळ झाली तरी बाहेर येईना. त्याला काढायला मी जमिनीवर पालथी पडले होते आणि आनंदानं ओरडत होते.

डॉक्टरांकडे शेवटची खेप झाली तेव्हा सासूबाई हट्टानं सोबत आल्या. बत्ताशाला स्टीलच्या टेबलावर ठेवलं. डॉक्टरांनी पाय बघायला हात पुढे केला, तसं त्यानं कान मागे टाकले आणि मागचे दोन्ही पाय उचलून टेबलावर असे हाणले की बाजूची वाटी उडून खाली पडली. बाहेर बसलेली माणसं डोकावली.

"रागावलाय," डॉक्टर हसत म्हणाले.

"रागावू दे," सासूबाई म्हणाल्या. "आते त्याले पाय शेतस."

मी हात जोडून उभी होते, डॉक्टरांना की देवाला, ते मलाच सांगता येणार नाही. या सगळ्यात मी किती बोलले, किती ठरवलं, किती मागितलं! बत्ताशानं नवस केला नाही, मुदत घातली नाही. समोर अन्न आलं तेव्हा ओढत ओढत गेला आणि खाल्लं, आम्ही उचललं तेव्हा उचलू दिलं, आणि बाकीचं देणाऱ्यावर सोडलं. मला ते इतक्या वर्षांच्या उपासांनी जमलं नव्हतं. देवा, तुझे उपकार मोठे आहेत, आणि त्या सशासाठी मागायला मी लाजले होते.