मागच्या जिन्याचं कुणी सांगितलं नाही

माझी नात सानिका जिन्यावरून पडून गेली, असं सगळे म्हणतात.

पडून नाही. न सांगितल्यामुळे गेली.

आज वर्ष झालं.

मी बोलते आहे, सूनबाई टाइप करते आहे. वृषाली. सानिकाची आई. पूर्वी हे काम सानिकाचं. माझ्या निम्म्या शिव्या ती गाळायची आणि वर मलाच सांगायची, "आजी, पोस्टमध्ये असं नाही बोलत."

वृषाली काही गाळत नाही. तेवढा जीवच उरला नाही तिच्यात.

आमच्या कराडकडे मुलगी द्यायची तर आधी चौकशी. मुलाकडचे काय, गोडच बोलणार. म्हणून गाठायचं त्यांच्या गावच्या कासाराला. विचारायचं, त्या घरात सुनांना बांगड्या भरायला वरचेवर जावं लागतं का हो?

लागत असेल, तर काय ते समजायचं. बांगड्या आपल्या आपण फुटत नाहीत.

थोरल्या नणंदेचं एक स्थळ मी असंच मोडलं होतं. मुलगा अगदी राजबिंडा. म्हटलं, असू दे, त्याच्या आईला राजबिंडा.

सानिकाला होस्टेलवर ठेवायचं ठरलं. आम्ही राहतो सिंगापुरात, बुकित पंजांगला. तिथून तिचं कॉलेज पार दुसऱ्या टोकाला. तेव्हा आम्ही सगळे ओपन हाउसला गेलो. स्विमिंग पूल बघितला, लायब्ररी बघितली.

मी म्हटलं, "ते सगळं ठीक. इथं पोरींना कुणी त्रास देतं का, ते विचारा."

"आजी! धिस इज सिंगापूर लाह. सो एम्बॅरसिंग!"

"का गं, सिंगापुरात पुरुष नसतात?"

शेवटी वृषालीनं विचारलं. टायवाला साहेब छान हसला. म्हणाला, सेफ्टी इज अवर टॉप प्रायॉरिटी. आणि मला पाण्याची बाटली भेट दिली, कॉलेजचं चित्र असलेली.

बाटली अजून आहे. गळते.

होस्टेलच्या मागून बस स्टॉपकडे उतरणारा एक जिना आहे. झाडीतला. संध्याकाळी लॅब सुटली आणि सानिका घरी यायला त्या जिन्यानं निघाली. एक माणूस मागे लागला. ती पळाली. पाय चुकला.

त्या माणसाला पोलिसांनी धरलं. त्याचं काय ते कोर्ट बघेल.

तेराव्याच्या आधी कॉलेजच्या एक बाई घरी आल्या, फळांची टोपली घेऊन. मला इंग्रजी कळत नाही. पण वृषालीचा चेहरा कळतो. तो बघता बघता पांढरा पडला.

"काय म्हणतात गं त्या?"

"काही नाही, आई."

"वृषाली."

"म्हणतात, त्या जिन्यावर आधीही दोन मुलींच्या मागे कुणीतरी लागलं होतं. त्यांनी कंप्लेंट केली होती. आपण ओपन हाउसला गेलो, त्याच्या आधी."

"मग सांगितलं का नाही?"

वृषालीनं विचारलं. बाई म्हणाल्या, वी डिडन्ट वॉन्ट टू कॉज पॅनिक.

घबराट नको म्हणून.

झाली असती घबराट, तर सानिका कँटीनवरच्या मोठ्या रस्त्यानं आली असती. तिकडे उजेड असतो. माणसं असतात. जरा लांब पडतं, एवढंच. बस चुकली असती. मी ओरडले असते, "भवाने, थालीपीठ गार झालं!"

एक पाटी लावायची होती तिथं.

मला ती वाचता आली नसती. मला अक्षर येत नाही.

सानिकाला आली असती.

आता जिन्यावर दिवे लावलेत. का लावले, ते कुठंच नाही. माझा मुलगा ईमेलवर ईमेल करतो. दर वेळी उत्तर येतं, प्रायव्हसी.

कुणाची?

परवा पुन्हा ओपन हाउस होतं. वृषालीला म्हटलं, मला ने. त्या बस स्टॉपवर जाऊन बसलो दोघी. दोन मायलेकी उतरल्या. बोलणं नागपूरकडचं. सकाळचं बघून जेवायला गेलेल्या असाव्यात, कारण पोरीच्या हातात तीच बाटली.

मी म्हटलं, "बाळ, या जिन्यानं जायचं नाही हं. माझी नात गेली इथं."

पोरगी थांबली. आईनं तिचा दंड धरला.

"चल ना. म्हातारं माणूस आहे."

"अगं पण आई, त्या म्हणतात..."

"इथं कुठं असं होते बापा! सिंगापूर आहे हे."

गेल्या.

जिन्यानंच गेल्या वर.

त्या बाईचा राग नाही आला मला. चौकशी तिनंही केली असेल. तिच्याकडे बघूनही तो साहेब तसाच छान हसला असेल.

कराडकडे निदान कासार तरी होता.

सानिका, तुझ्या आजीचं कुणी ऐकत नाही गं. तू तरी कधी ऐकलंस म्हणा.

आता जिथं असशील तिथं एवढं ऐक.

लांब पडली तरी उजेडाची वाट धर.

बस चुकली तर चुकू दे.