दादाचं बंप रबर आणि साहेबांची सही

ऑफिसात डिस्पॅचच्या टेबलावर बसले होते, तेव्हा शेजारचा भैया धापा टाकत आला. "दीदी, दादा नहीं रहे..." रडू नंतर आलं. आधी मनात आलं ते हेच, की माझा भाऊ गेला आणि तो साहेब अजून धडधाकट आहे. खोटं कशाला बोलू?

दादा इथे लखनौत सरकारी मोटार वर्कशॉपात मिस्त्री होता. खड्ड्यात चाक उसळलं की ॲक्सल चेसीवर आदळू नये म्हणून मधे रबराचा ठोकळा असतो, त्याला ते बंप रबर म्हणत. त्याला भेगा पडल्या, तेलाने ते भुसभुशीत झालं, की दादा दोन्ही बाजूंची रबरं सोबतच बदलायचा. "एकच बदललं तर गाडी एका अंगावर आपटते गं," म्हणायचा. आणि एक खोड होती त्याला. काढलेल्या भागाला तारेने चिठ्ठी बांधायची, अन् गाडी नेणाऱ्याची तिच्यावर सही घ्यायची.

त्या दिवशी साहेबांच्या जीपची रबरं पार झिजून गेली होती. नवी दुसऱ्या दिवशी येणार होती. साहेबांना दौऱ्याची घाई! दादाने काढलेल्या जुन्या रबराच्या चिठ्ठीवर लिहिलं, 'नया रबर लगे बिना गाड़ी न चले.' साहेबांनी न वाचताच सही ठोकली आणि जीप नेली. शहराबाहेर चिनहटच्या पुढे खड्ड्यात ॲक्सल आदळला, स्प्रिंगचा पाटा तुटला, जीप उलटली. साहेबांना खरचटलंही नाही, ड्रायव्हर रामसजीवनचा पाय मात्र गेला. चौकशीत दादाने चिठ्ठी पुढे केली, तर साहेब म्हणाले, "ये दस्तख़त मेरे नहीं. आरक्षण कोटे के मिस्त्री हैं, झूठ भी ठीक से नहीं लिखते." झालं! दादाला स्टोअरमध्ये टाकलं. नंतर मरेपर्यंत त्याच्या हातात पाना आला नाही.

दादाच्या पुण्यानुमोदनाला, घरच्या श्रद्धांजली सभेला, साहेब आले. येणारच होते, चार लोकांत मोठेपणा मिरवायचा होता ना! मी दाराशी मुद्दाम वही ठेवली होती. "दो शब्द लिख दीजिए, साहब." लिहिलं त्यांनी, 'बहुत ईमानदार आदमी थे', आणि खाली झोकदार सही. मी शांतपणे दादाने जपून ठेवलेलं त्या जीपचं रबर आणलं, त्याला बांधलेली चिठ्ठी वहीतल्या सहीशेजारी धरली आणि रामसजीवनला हाक मारली. कुबडी टेकत तो आला, दोन्ही हुबेहूब सह्या बघितल्या, मग साहेबांकडे बघत राहिला... साहेब चहा न घेताच निघाले.

बुद्धमूर्तीसमोर सूड घेऊ नये म्हणतात. घेतला मी. बरं वाटलं.

परवा साहेबांचा माणूस आला होता. पान खराब झालंय, साहेब नवीन लिहून देतील, वही द्या म्हणे. देते बरी! वही दादाच्या फोटोखाली उघडी ठेवलीय, त्याच पानावर. वाऱ्याने पान उलटू नये म्हणून वर ते रबर ठेवलंय.