वहिनीसाठी राखलेलं टेबल

आमच्या काशीवहिनीला खरवड आवडते, असं आम्ही घरातले सगळे सतरा वर्षं धरून चाललो होतो. खरवड म्हणजे भाताच्या टोपाला तळाशी करपून चिकटलेला भात. आधी आम्ही पुरुष जेवायचो, मग पोरंटोरं, मग आय. सगळ्यांचं आटोपलं की वहिनी टोप पुढ्यात ओढायची आणि उलथन्याने तळ खरडायची. कुणी विचारलंच तर म्हणायची, "मला हीच ग्वाड लागते." आम्हाला तेवढं उत्तर पुरत असे. जे सोयीचं असतं ते माणसाला लगेच पटतं.

मी तिचा दीर, बाळाजी. रेवसपासून दोन कोस आत आमचा गाव, भाताचं घर. मोरूदादा माझा थोरला भाऊ, वहिनीचा नवरा. देश स्वतंत्र झाला त्या साली तो मुंबईहून आफ्रिकेला जाणाऱ्या बोटीवर भांडी घासायला लागला आणि पाचसहा वर्षांत वाढपी झाला. दोनतीन महिन्यांनी आठ दिवस घरी यायचा. ते आठ दिवस आमच्या पडवीत दुसरा विषय नसे.

त्या बोटीवर सगळ्या उतारूंसाठी जेवणाची एक मोठी खोली होती. पंगतच म्हणा. पण वरच्या मजल्यावर, समुद्राकडे तोंड करून, आणखी एक लहान खोली होती, नऊ टेबलांची. तिथलं रांधप वेगळं, खानसामा वेगळा. मनात आलं आणि जाऊन बसलं असं तिथं चालत नसे. आधी वहीत नाव घालावं लागे, आणि ती वही दादाच्या ताब्यात. मुरलेले उतारू बोटीवर पाय ठेवल्या ठेवल्या, ट्रंका खोलीत पोचायच्या आधी, वहीपाशी हजर होत. नवखे तिसऱ्या दिवशी येत आणि तोंड पाडून परत जात. खिडकीजवळच्या टेबलावरून मोठमोठ्या बायकांची बोलाचाली होई. दादा म्हणे, "समुद्र खवळला का निम्मी नावं आपसूक गळतात. तवा ज्याचं पोट घट, त्याची चंगळ." नाव घालणाऱ्याला तो बजावून सांगे, दुपारी हात राखून जेवा, रात्री पस्तावाल. आणि ज्याचं नाव असेल त्याच्या टेबलावर एक पुठ्ठ्याचं कार्ड उभं राही, रिझर्व्ह्ड. ते कार्ड असलं की लाटसाहेब आला तरी त्या खुर्चीत बसणार नाही, एवढा त्याचा मान.

हे सगळं वहिनी चुलीपाशी बसून ऐकायची. एकदा दादानं तिला विचारलं, "काशे, तुला काय आणू तिकडून?"

"मला काय नको," ती म्हणाली. "येकदा कुनी मला गरम गरम वाढावं, नि मी मधीच उठू नये. येवढंच."

दादाला भरून आलं. तो म्हणाला, "तुला बोटीवर जेवाय घालीन. खिडकीजवळच्या टेबलावर."

"बोटीवर कशाला? हितंच वाढा की."

आम्ही सगळे खदखदून हसलो. आय तर डोळ्याला पदर लावून हसली. "बाप्यानं बायलेला वाढायचं? गाव तोंडात शेण घालील," ती म्हणाली. दादाही हसला. वहिनीपण हसली, आणि भाकरी उलटायला वळली. त्या हसण्यात मी होतो, हे आता लिहितानाही हात जड होतो.

दादा मात्र शब्दाला चिकटून राहिला. बोट सुटायच्या आदल्या दिवशी, ती गोदीत असतानाच, खानसामे त्या लहान खोलीतले सगळे पदार्थ एकदा रांधून बघत आणि कंपनीचे साहेब येऊन जेवत. ज्याची दहा वर्षं नोकरी झाली त्याला त्या दिवशी घरच्या दोन माणसांसाठी एक टेबल मिळे. सबंध नोकरीत एकदाच. सत्तावन्न साली दादाची दहा वर्षं भरली. त्याचं पत्र आलं: जानेवारीची एकोणीस तारीख ठरली आहे, वहीत नाव घातलं आहे, बाळ्यानं वहिनीला घेऊन यावं. घरात वाचता येणारा मीच, तेव्हा पत्र मीच मोठ्यानं वाचलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात तारीखही मीच बघितली. शनिवार होता. वहिनीनं बोटांवर काहीतरी मोजलं. मला वाटलं, हरखली असेल.

त्या दिवशी पहाटे तिनं मला चहा दिला, स्वतः घेतला नाही. रेवसला लाँचमध्ये मी तिच्यापुढे चणे धरले, तिनं मान हलवली. मी म्हटलं, "व्हय, पोट राखून ठेव. दादापण तेच सांगतो." भाऊच्या धक्क्यावरून आम्ही चालत गोदीत गेलो. तिच्या अंगावर लग्नातलं हिरवं लुगडं होतं, आणि बोटीची शिडी चढताना तिनं आधी पायरीला हात लावून नमस्कार केला.

खोली दादानं सांगितली होती तशीच होती. खिडकीजवळच्या टेबलावर कार्ड होतं आणि खाली शाईनं नाव लिहिलं होतं. मी तिला वाचून दाखवलं, "काशीबाई मोरेश्वर. वैनी, तुझं नाव हाय."

"माजं? कागदावर?" तिनं ते अक्षरांना धक्का न लावता उचललं आणि पुन्हा होतं तिथंच ठेवलं.

दादा आला. पांढरा कोट, पितळी बटणं, हातावर रुमाल. त्यानं तिच्यासाठी खुर्ची मागे ओढली, तर तिला वाटलं खुर्ची काढून नेतायत; ती बाजूला सरकून उभी राहिली. अखेर बसली. दादानं सूप आणून ठेवलं. तिच्या चेहऱ्यावर वाफ आली. तिनं हात मांडीवरच ठेवले.

"घे की," दादा हळूच म्हणाला.

"आज संकष्टी हाय," वहिनी म्हणाली.

दादा म्हणाला, "मग काय झालं? बटाटा आणतो. फळं हायत."

"ही तसली न्हाय. बोटीची संकष्टी. तुमी पयल्यांदा गेलात तवा बोलले व्हते. दर म्हैन्याला, चंद्र दिसंपातुर पान्याचा थेंब न्हाय घेयाचा. तुमची बोट सुखरूप यावी म्हनून."

दहा वर्षं दर महिन्याला आमच्या घरात एक बाई दिवसभर पाण्यावाचून रांधत होती, वाढत होती, आणि आम्हाला कुणाला त्याचा पत्ता नव्हता. मला नव्हता. मी रोज तिच्याच हातचं जेवत होतो.

"येक दिवस सोड," दादा अगदी अजीजीनं म्हणाला. "गनपती समजून घेईल."

"उद्या तुमची बोट सुटतेय, नि आज मी मोडू?"

"मग आधी का न्हाय बोललीस?"

"बोलले असते तर तुमी टेबल मोडलं असतं. दहा वर्सांनी येकदा गावलंय. म्हटलं, बसून तरी येईन."

दादानं माझ्याकडे पाहिलं. आमच्या कॅलेंडरात तिथी तारखेच्या खालीच छापलेली असते. बोटीवरच्याला ती कुठून दिसणार? पण मी तर कॅलेंडरासमोर उभा होतो.

"भावोजी, तुमी खावा," वहिनी म्हणाली. "अन्न टाकू नये."

आणि मी जेवलो. माझंही जेवलो, तिचंही जेवलो. दादा प्रत्येक पदार्थ आधी तिच्यापुढे ठेवायचा, ती तो नीट बघायची, मग तो बशी माझ्याकडे सरकवायचा. लोण्यात तळलेला मासा आला, कोंबडी आली. शेवटी त्यानं टेबलाशीच केळी पेटवली, निळा जाळ उठला. वहिनी तोंडाला पदर लावून हसली. "केळी जाळतात व्हय? आमी भात जाळला तर बोलनी खातो." मी खोटं बोलणार नाही, सगळं चवदार होतं. मी बोटं चाटली.

दादानं एका डब्यात तिच्यासाठी पाव, बटाट्याची भाजी आणि फळं बांधून दिली. चंद्र उगवल्यावर खा म्हणाला. आम्ही संध्याकाळी घरी पोचलो. बोटीवरचं जेवण आलंय म्हटल्यावर आय आली, शेजारणी आल्या. आधी पोटोबा, मग विठोबा. चंद्र वर येईपर्यंत डबा धुऊन पालथा घातलेला होता. वहिनीनं चंद्राला ओवाळलं आणि टोप पुढ्यात ओढला. निघताना दादानं हातात दिलेलं कार्ड तेवढं तिनं कुंकवाच्या डबीखाली जपून ठेवलं.

त्यानंतर चार वर्षं दादा प्रत्येक खेपेला म्हणायचा, काहीतरी जुळवतो, मोठ्या बटलरला पुन्हा विचारतो. वहिनी म्हणायची, "व्हईल सावकाश." एकसष्ट सालच्या दिवाळीनंतर तिला घास लागायला लागला. आम्ही म्हटलं, काटा अडकला असेल. आधी भाकरी सुटली, मग भात, मग पेजही घोट घोट. मुंबईच्या डॉक्टरांनी घशात बघितलं आणि मला बाहेर बोलावून सांगितलं, घरी न्या. गाठ वाढली होती. करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

दादा बोट सोडून आला. दोन दिवस तो तिच्या उशाशी नुसता बसला. तिसऱ्या दिवशी उठला आणि चुलीपाशी गेला. नवे तांदूळ निवडले, जिताडा माशाचं कालवण केलं. आय म्हणाली, "मोऱ्या, उठ, मी करते." तो म्हणाला, "आये, तू बस." त्यानं पाट मांडला, केळीचं पान मांडलं. पानाशी ते कार्ड उभं केलं, शाई उडालेलं. वहिनीला उचलून पाटावर बसवलं, पाठीला उशी दिली. मग पितळी बटणांचा कोट घालून, हातावर पंचा घेऊन त्यानं भात वाढला. सगळ्यांच्या आधी. गावातली दोन माणसं पडवीत होती, कुणी हसलं नाही.

वहिनीनं पान बघितलं. मग दादाकडे बघितलं. आवाज नव्हताच उरला, ओठांवरून कळलं.

"आज कोन तिथी?"

"पंचमी," दादा म्हणाला. "मी बघूनशान मांडलंय, काशे. आज तुला काय न्हाय. आज तू जेव."

तिनं एक शीत उचलून जिभेवर ठेवलं. गिळायचा प्रयत्न केला, डोळ्यांत पाणी आलं, आणि शीत तिनं पुन्हा हातात काढलं. दादा तिच्यापुढे मटकन बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. "हितंच वाढ म्हनाली व्हतीस गं," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होता.

तिनं भातावर तळहात धरला, वाफेवर. "गरम हाय," ती ओठांनीच म्हणाली.

भात निवेपर्यंत तिनं हात काढला नाही.